उलटा परवचा

ओजसने मराठीत पाणी मागितलं.

जुलैतला रविवार होता, सकाळचे दहा वाजायचे होते. लतिका ओट्याशी उभी राहून भिजवलेल्या साबुदाण्याचा दाणा दोन बोटांत चिरडून बघत होती आणि मागून आवाज आला, "आई, पाणी दे ना." घरात तिला अशी हाक कुणीच मारत नव्हतं. धाकटी उर्जा जर्मन पोरांसारखी मामा म्हणायची, ओजसही मामाच म्हणायचा, आणि नवरा, दिनकर, तर गेली काही वर्षं हाक न मारताच बोलायला सुरुवात करायचा. ती वळली. दाराची चौकट भरून ओजस उभा होता. एकवीस वर्षांचा, त्र्याण्णव किलोंचा, काल मॅच खेळून आलेला, कोपरावर गवताचा हिरवा डाग तसाच, आणि डोळे असे बारीक केलेले, जणू खिडकीतून ऊन नाही, कुणी मूठमूठ तिखट फेकतंय. सवयीने तिचा हात श्प्रुडेलच्या बाटलीकडे गेला. तो म्हणाला, "ते टोचणारं नको. साधं." टोचणारं पाणी! सतरा वर्षांपूर्वी पुण्याहून झिंडेलफिंगेनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात बुडबुड्यांच्या पाण्याचा घोट घेऊन, जीभ बाहेर काढून चार वर्षांच्या ओजसने हाच शब्द काढला होता. इतकी वर्षं पाण्याला तो 'वास्सर'च म्हणत आला, मग हा शब्द कुठे होता? कुठल्या खणात, कुठल्या पांघरुणाखाली? नळाखाली ग्लास धरताना तिने मान वळवली नाही. खिडकीत पाखरू येऊन बसलं की माणूस जसा हलत नाही तशी ती उभी राहिली, कारण आपला चेहरा दिसला तर पोरगा दचकेल आणि पुन्हा जर्मनमध्ये निघून जाईल अशी तिला भीती वाटली.

निघूनच गेला होता तो. फ्राऊ केलर नावाची किंडरगार्टनमधली बाई, निळ्या फ्रेमचा चष्मा, फार भली. तिने लतिकाला छोट्या खुर्चीवर बसवलं होतं, मुलांच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी येतील अशा, आणि सांगितलं होतं की ओजस कोपऱ्यात बसून राहतो, त्याला काही कळत नाही, घरी डॉइच, म्हणजे जर्मन बोला, नाहीतर शाळेत मागे पडेल. मागे पडेल म्हटल्यावर कुठली मराठी आई थांबते? त्याच दिवसापासून घरात डॉइच सुरू झालं. लतिकाचं डॉइच कसलं, तिखटमीठ मागण्यापुरतं. पण ती पोराला त्याच तुटक्या भाषेत भरवायची, निजवायची, रागवायचीसुद्धा, आणि रागवताना क्रियापद शेवटी टाकायचं लक्षात येईपर्यंत राग निघून जायचा. सहा महिन्यांत ओजसची मराठी दुधाच्या दातांसारखी गळाली. पुढे तिला चूक कळली, तिने पुन्हा मराठी सुरू केली, तर तो सगळं समजून घ्यायचा आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायचा. उत्तर बरोबर असायचं हीच तर पंचाईत. श्टुटगार्टच्या मराठी मंडळात बाकीची मुलं श्लोक म्हणायची आणि हा बूट घालून दाराशी उभा. सुनेत्राने, तिच्या सख्ख्या बहिणीने, फोनवरून विचारलं होतं, "काय गं, पोरगं दत्तक दिलंस की काय जर्मनांना?" लतिका हसली होती. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन तिने नळ सोडला होता.

आणि आज हा साधं पाणी मागत होता. पाणी पिऊन तो टेबलाशी बसला, कपाळ लाकडावर टेकवलं आणि म्हणाला, "आई, बाऊ झालाय."

"कुठे रे?"

"इथे. आत."

लतिका हसली. त्र्याण्णव किलोंचा बाप्या, मांड्या अशा की जीन्स शिवून घ्यावी लागते, आणि म्हणतो बाऊ! तिने त्याच्या टाळूवर हात ठेवला, केसांत वाकून फुंकर घातली, जशी खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी. "गेला का?" "नाही," तो म्हणाला, पण त्याने डोकं बाजूला घेतलं नाही, तिच्या पोटाला टेकवून ठेवलं. साबुदाणा जास्तच भिजला होता, खिचडीचा गोळा होणार होता, होऊ दे. काय झालंय हे तिने विचारलं नाही. काल संध्याकाळी तो एस-बान लोकलने घरी येताना गोल्डबर्गला उतरायचं विसरला, थेट हेरनबर्गला, शेवटच्या स्टेशनावर जाऊन बसून राहिला आणि कुणीतरी उठवल्यावर परत आला, हे त्याने तिला थोड्या वेळाने सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं. आणि मराठीत सांगितलं, म्हणून तिने तीही गंमतच धरली.

त्याचा तो खेळ तिला कधी कळलाच नव्हता. बारा वर्षांचा असताना शाळेतल्या एका मुलाच्या मागे तो मैदानावर गेला आणि मोठं हेल्मेट घालून, मुंगळ्यासारखा दिसत, फोटो काढून घेऊन आला. अमेरिकन फुटबॉल, आणि तोही जर्मनीत. म्हणजे आपण पुण्याहून इथे आलो ते कमी होतं, पोरगा आणखी तिसऱ्याच देशात चालला. दिनकर कारखान्यात अपघात-चाचणी विभागात. गाड्या भिंतीवर आपटायच्या आणि आत बसवलेल्या डमीच्या डोक्याला किती मार बसला ते मोजायचं, हे त्याचं इथे आल्यापासूनचं काम. तो म्हणाला, "मी इथे डोकी वाचवतोय आणि हा आपटायला निघालाय." पण ओजस वेगात होता, आणि मुख्य म्हणजे तो शांत होता. त्याच्या प्रशिक्षकाने एकदा घरी येऊन, कॉफी पीत, दिनकरला समजावलं होतं की बाकीची पोरं चेंडूकडे बघतात, हा सगळं मैदान बघतो. त्याला सेफ्टी केलं. सगळ्यांच्या मागे उभा असणारा शेवटचा बचावपटू. पुढचे दहाजण चुकले तरी याने चुकायचं नाही, याच्यामागे नुसती मोकळी जमीन. "सेफ्टी म्हणे," दिनकर म्हणाला, "नाव तरी बघा." लतिकाला मात्र नावापेक्षा ती जागा खुपली होती. सगळ्यांच्या मागे एकटं उभं राहून, न बोलता, समोर चाललेलं बघत राहणं. हे तो कुठे शिकला ते तिला माहीत होतं. किंडरगार्टनच्या कोपऱ्यात.

मग एकेक पायरी चढत गेला. झिंडेलफिंगेनची कुमार टीम, मग राज्याची, मग एकोणीस वर्षांखालच्या जर्मन संघाच्या निवडीपर्यंत. मग ती युरोपातली लीग, जिच्यात खेळणारे बहुतेक अमेरिकेतून पाठवलेले आणि इथल्या पोरांसाठी प्रत्येक टीममध्ये मोजक्या जागा राखलेल्या. "म्हणजे कोट्यातली सीट," दिनकर म्हणाला खरा, पण फ्लोरिडाच्या सराव शिबिराला निघताना विमानतळावर त्याने पोराची बॅग स्वतः ढकलली, आणि त्या तिकिटाचं अर्धुक त्याच्या पाकिटात आजही होतं. दोन वसंत ओजस त्या लीगमध्ये खेळला. पहिल्या वर्षी बाकावर, दुसऱ्या वर्षी मैदानात. एका मॅचमध्ये त्याने समोरच्याचा चेंडू हवेतून काढून घेतला आणि साठ यार्ड पळाला, त्याची कॅसेट लतिकाने इतक्यांदा बघितली की तेवढ्याच जागी पट्टा पडला. आणि यंदा जूनअखेर, मोसम संपल्याला आठवडाही झाला नव्हता, लीगच बंद झाली. न्यूयॉर्कात कुणीतरी ठरवलं, म्हणे. ओजस दोन पोतडीएवढ्या बॅगा घेऊन घरी आला आणि आपल्या जुन्या खोलीत, उर्जाने शिवणयंत्र ठेवलं होतं ते सरकवून, पलंगावर बसला. एकवीस वर्षांचं माणूस, आणि त्याचा धंदाच जगातून उठून गेलेला. एकच फट उरली होती. अमेरिकेतल्या एका क्लबचा माणूस युरोपातली उरलेली पोरं बघत फिरत होता, त्याला एकदोन जणांना सरावाच्या ताफ्यात न्यायचं होतं, आणि अठरा ऑगस्टच्या शनिवारी तो इथे येणार होता. त्यासाठी खेळत राहायला हवं, म्हणून ओजस जुन्या गावठी क्लबात परतला. पहिल्याच मॅचला, चौदा जुलैला, त्याच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला. मॅच त्याने पुरी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाणी मागितलं.

त्यानंतरचे दिवस लतिकाच्या आयुष्यातले सगळ्यात गोड दिवस होते, आणि हे नंतर स्वतःशी कबूल करताना तिला जितकी लाज वाटली तितकी दुसऱ्या कशाचीच नाही. दुपारी पडदे ओढून तो तिच्या खोलीत पडायचा आणि ती शेवग्याच्या शेंगा सोलत, कपडे घडी करत त्याच्याजवळ बसायची. तो बोलायचा. चार वर्षांच्या पोराची मराठी, एकवीस वर्षांच्या घशातून. "आई, तो पंखा होता ना, टकटक करायचा, तो कुठेय?" पुण्याच्या भाड्याच्या खोलीतला पंखा! "आई, मला मऊ भात." एकदा तिने विचारलं, भीतभीत, "तू आता असं का बोलतोस रे?" तो विचार करत राहिला. म्हणाला, "दुसरे शब्द लांब आहेत. जावं लागतं आणायला. हे इथेच आहेत." आणि त्याने उशीवर हात ठेवला. हे ऐकून एखाद्या शहाण्या बाईने चपला घातल्या असत्या आणि डॉक्टरकडे नेलं असतं. लतिकाने ते वाक्य फोनवर सुनेत्राला सांगितलं. "बघ," सुनेत्रा म्हणाली, "रक्त बोलतं गं शेवटी." आणि दोघी बहिणी दोन खंडांत रडल्या.

मग बोएब्लिंगनला मंडळातल्या मीनलच्या मुलीचं बारसं झालं, तिथे ती त्याला मुद्दाम घेऊन गेली. मुद्दामच. बारा वर्षं मंडळात मान खाली घातलेली, एक दिवस तरी वर करावी म्हणून. ओजस घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसला होता, पाळणा म्हणायला बायकांनी सूर लावला तसा भिंतीला टेकला, पण मग पाळण्यात वाकून स्पष्ट म्हणाला, "बाळ किती छोटंय. झोपू दे ना त्याला." सगळी खोली हसली, टाळ्याच वाजल्या. मीनलचा नवरा दत्ता म्हणाला, "लतिकाताई, काय जादू केलीत? आम्ही तर याला पक्का इथला श्वाबी समजायचो!" "जादू कसली हो," लतिका म्हणाली, "वेळ यावी लागते." मीनल मात्र हसली नाही. पंचविशीतली पोर, डोळ्यांखाली काळं, सहा आठवड्यांची अन्वी खांद्यावर, ती तिला बाजूला घेऊन खरोखरच विचारत होती, "ताई, सांगा ना काय केलंत. हिला पण किंडरगार्टनला पाठवायचंय दोन-तीन वर्षांत. मला आत्तापासून भीती वाटते." आणि लतिकाने तिला सांगितलं, अगदी अधिकाराने सांगितलं, की प्रेम कमी पडू द्यायचं नाही, बाकी आपोआप येतं. वीस माणसं होती त्या खोलीत, निम्मे इंजिनिअर. असं अचानक कसं, हे एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते योखेनने. योखेन क्लबचा फिजिओ, टक्कल पडलेला, दिवसा टपाल खात्यात. सरावात ओजस दोनदा चुकीच्या बाजूला पळाला, तसं त्याने त्याला बाकावर बसवलं आणि खिशातून एक कागद काढला. आज कुठला वार, मागची मॅच कुणाशी, पाच शब्द ऐकून दहा मिनिटांनी परत सांग, महिने उलटे म्हण. ओजस महिन्यांत अडकला. योखेन म्हणाला, पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारेन. नाही आलं तर डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय मैदानात नाही. डॉक्टर म्हणजे अठरा तारीख संपली. ओजस घरी आला, बूट न काढता स्वयंपाकघरात जमिनीवर बसला. "आई, तू शिकव मला. कागद तोच असतो. त्याच्याकडे एकच आहे."

शिकव मला. लतिका सातारची, वडील शिक्षक. तिन्हीसांजेला शुभंकरोती झालं की पावकी-निमकीपर्यंत परवचा, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आईने मुलाचा अभ्यास घ्यायचा असतो हे तिच्या हाडात होतं आणि तिला तो कधी घेताच आला नव्हता. ओजसचा गृहपाठ पहिलीपासूनच तिच्या पुढे धावणारा. ती शेजारी बसली तर तोच तिचे उच्चार सुधारायचा. आता तो समोर मांडी घालून बसला होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. दिनकर यायच्या आधी, पाचच्या सुमाराला, रोज त्यांचा परवचा सुरू झाला. डेझेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. खाली येत येत यूलीपर्यंत यायचा आणि थांबायचा, जिन्याची पायरी नसल्यासारखा. "यूलीच्या आधी काय? जूनला काय म्हणतात?" "यूनी." "शाब्बास. पहिल्यापासून." मग पाच शब्द. मेसर, टिश, वाल्ड, श्लुसेल, रेगन. ते राहीनात तेव्हा तिने गोष्ट रचून दिली: एक सुरी होती, ती टेबलावरून पळाली, रानात गेली, रानाच्या दाराला किल्ली लावली आणि आत पाऊस पडत होता. ती गोष्ट त्याला फार आवडली. पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा. मंगळवारी योखेनने विचारलं आणि त्याने धडाधडा सगळं म्हटलं. पास. लतिकाने शिरा केला. पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते.

त्या शिऱ्याच्या वासावर उर्जा खाली आली. पंधरा वर्षांची, जर्मनीतच जन्मलेली, कानात वायर. तिने वायर काढली. "मामा, एर इस्ट क्रांक. तो आजारी आहे, तुला दिसत नाही?" अर्धं जर्मन, अर्धं ओढूनताणून.

"तुला काय कळतंय त्यातलं? माझ्याशी दोन शब्द बोलतोय तर खुपतंय तुला?"

उर्जाने वायर मुठीत आवळली. ती जर्मनमध्ये भराभर सांगायला लागली की तो बाथरूममध्ये ओकतो, की त्याने तिला विचारलं आपण पुण्याला परत कधी जाणार, की तिला भीती वाटते. मग थांबली. आईला जर्मन ऐकायचंच नाहीये हे तिला कळलं असावं, कारण तिने श्वास घेतला आणि एकेक शब्द उचलत, जड गोणी उचलाव्या तशी, म्हणाली, "आई. ओजस... तो दुखतो."

"'त्याला दुखतं' म्हणतात," लतिका म्हणाली, आणि कढईतला शिरा परतला.

खेळाच्या आखण्या तेवढ्या राहिल्या होत्या. अकराजण, आणि हाक कुठली त्यावर कोण कुठे उभं राहायचं ते ठरतं. ते त्याला पूर्वी झोपेतही यायचं. आता येत नव्हतं. लतिकाने जेवणाच्या टेबलावर अकरा काबुली चणे मांडले आणि समोर मसुराचे अकरा दाणे. ती इंग्रजी हाक वाचायची, तो चणे हलवायचा. शेवटचा चणा तो. "हा मी." कव्हर टू म्हटलं की मागे दोघं, तो डाव्या अंगाला. कव्हर थ्री म्हटलं की जोडीदार पुढे धावतो आणि ओजस एकटा मधोमध, सगळं मागचं रान त्याचं. आठवड्याभरात खेळ लतिकाला कळायला लागला. नऊ वर्षं कुंपणाबाहेर उभी राहून जे नुसतं धडपडणं वाटायचं त्यात किती विचार होता! एखाद्या संसारासारखं होतं ते. एक जागचा हलला की दुसऱ्याने ती जागा भरायची, नाहीतर भोक. सोळा तारखेला ती म्हणाली, "थ्री," आणि ओजसने चणा उचलला. बोटात धरून बसला. टेबलाकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं, ना घाई ना भीती, गाडी निघून गेल्यावरच्या फलाटासारखे स्वच्छ डोळे. मिनिट गेलं. लतिकाने त्याच्या बोटांतून चणा हलकेच काढून घेतला आणि मधोमध ठेवला. "इथे ना?" "इथे," तो म्हणाला आणि हसला. तेव्हा तिला कळलं. कळलं म्हणजे काय, माहीत होतंच ते, पंधरा जुलैच्या सकाळपासून पोटाच्या आत कुठेतरी गिळून ठेवलं होतं. तिने चणे आणि मसूर गोळा करून डब्यांत भरले.

जेवताना दिनकर खुशीत होता. कारखान्यात नवा डमी आला होता. "मानेत एवढाले सेन्सर, लतिका! ओळखीच्या माणसापेक्षा जास्त बोलतो." मग भात कालवत म्हणाला, "पण एक आहे. एकदा आपटला की लगेच परत बसवत नाहीत हं. आधी डोकं सुटं करायचं, मान सुटी करायची, सगळं तपासून घ्यायचं. बाहेरून चरा नसतो, आतून आकडे हललेले असतात. तसाच बसवला तर पुढचा आकडा खोटा." ओजस मान खाली घालून मऊ भात खात होता. उर्जा आईकडे बघत होती. लतिकाने वरणाची वाटी पुढे केली. सांगायचं तर आत्ता, या वाटीबरोबर सांगायचं, की अहो, तुमचाच आकडा हललाय. दिनकरने तासाभरात क्रांकनहाउस गाठलं असतं. आणि मग? अठरा तारीख गेली असती, अमेरिका गेली असती, आणि डॉक्टरांनी पोराला बरं केलं असतं. बरं. हा शब्द तिच्या मनात आला आणि तिला स्वतःची शिसारी आली, कारण बरा झालेला ओजस तिला मामा म्हणणार होता. जेवण झाल्यावर ताटं उचलताना तो हळूच म्हणाला, "बाबांना नको सांगू हं, आई." घरातल्या घरात दोघांचंच काहीतरी. तिने मान हलवली.

शनिवारी ऊन होतं. ओजस टीमबरोबर पुढे गेला होता. दिनकरने मैदानाबाहेर गाडी लावली, आरशात बघून केस सारखे केले, आणि म्हणाला, "आज जर याचं झालं ना, तर मी मानेन. तोंडावर सांगेन त्याला."

"अहो..."

"काय?"

"थर्मास घेतलात का?"

हजारभर माणसं असतील. सॉसेजचा धूर, सिमेंटच्या पायऱ्या. अमेरिकेचा माणूस ओळखू आला. टोपी, गळ्यात स्टॉपवॉच, कुणाशीही न बोलता वहीत लिहिणारा. पहिला अर्धा वेळ ओजस सुंदर खेळला. पाय सगळं विसरत नाहीत. दिनकर उठून उभा राहत होता, आणि लतिका त्याच्याकडे बघून विचार करत होती की आणखी एक तास, देवा, फक्त एक तास, मग मी स्वतः सांगते, मी नेते. मध्यंतरानंतर तिला बसवेना. ती पायऱ्या उतरून कठड्यापाशी गेली. ऊन उतरल्यावर गर्दीला सुस्ती आली होती, बियर आणायला माणसं गेली होती. प्रतिस्पर्धी रांगेत उभे राहिले. कडेने हाक आली, तिला ती ऐकू आली नाही. पण ओजसचा जोडीदार पुढे सरकला, आणि टेबलावरचा चणा सरकावा तसं तिला मैदान लख्ख दिसलं. जोडीदार पुढे, म्हणजे थ्री. म्हणजे ओजस मधोमध. ओजस डावीकडे उभा होता. मध्ये हिरवंगार भोक. तो त्याच फलाटासारख्या नजरेने समोर बघत होता, आणि त्याचा हात, हातमोजा घातलेला, बोटांत काहीतरी धरल्यासारखा अर्धवट मिटलेला होता.

"ओजस, मधे!" ती ओरडली. आयुष्यात इतक्या मोठ्याने ती कधी ओरडली नव्हती. "मधे ये रे, मधे!"

हजार माणसांत ते कळणारी तीन होती. त्यातला एक वळला. चेंडू सुटला होता, सगळे पळत होते, आणि ओजसने हेल्मेटसकट मान वळवली, आईकडे, अंगणातून हाक मारल्यावर पोर वळतं तशी. समोरून येणारा त्याच्याच वयाचा होता; त्याचं काम वाटेतला माणूस बाजूला करणं एवढंच होतं, आणि वाटेतला माणूस बघत नाहीये हे त्याला कळायला वेळच नव्हता. आवाज फार मोठा नव्हता. दार वाऱ्याने लागावं तेवढा.

अमेरिकेच्या माणसाने काहीतरी लिहिलं आणि वहीचं पान उलटलं.

रुग्णालयात, यंत्रांच्या त्या हिरव्या उजेडात, लतिकाने दिनकरला सगळं सांगितलं. पाणी, बाऊ, हेरनबर्ग, महिने, चणे. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "पहिल्या आणि दुसऱ्यात किती दिवस?" "पस्तीस." तो मान हलवत राहिला, आकडा वहीत उतरवून घेतल्यासारखा. मग पाकीट काढलं, ते तिकिटाचं अर्धुक काढून बघितलं, आणि परत ठेवलं. त्यानंतर तो तिच्याशी नीट वागला. आजवर नीटच वागतो. चहा करून देतो, कोट धरतो. हाक न मारताच बोलायला सुरुवात करतो, आणि बहुतेक वेळा करतही नाही.

नोव्हेंबरात ओजसला पुनर्वसनाच्या दवाखान्यात हलवलं. टेकडीवरचा दवाखाना, खाली धुकं. उजवा हात चालत नव्हता, डोळे ओळखत होते, शब्द नव्हते. ना इकडचे ना तिकडचे. वाचाउपचार करणारी फ्राऊ ब्रेम तरुण होती, मऊ आवाजाची, फार भली. तिने लतिकाला खुर्ची दिली, यावेळी मोठी. "आल्झो, तर," ती म्हणाली, "आता एकच भाषा धरायची. दोन नकोत, त्याला झेपणार नाहीत. आम्ही इथे त्याच भाषेत शिकवू, तुम्हीही तीच बोलायची, कायम. घरी कुठली भाषा बोलता?" पेन कागदावर टेकून ती थांबली. लतिकाने खिडकीकडे बघितलं. टोचणारं पाणी. टकटक पंखा. दुसरे शब्द लांब आहेत. यापुढे तो मराठीत जे काही म्हणेल ते तिला जखमेच्या तोंडून ऐकू येणार होतं, आणि तरीही तिला आनंद होणार होता, हे ती स्वतःला ओळखून होती.

"डॉइच," ती म्हणाली.

फ्राऊ ब्रेमने लिहून घेतलं. मग टेबलावर साध्या पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाली, सुरुवात तुम्हीच करा, तो तुमच्याकडेच बघतो. लतिकाने ग्लास उचलला. ओजसने मान वर केली. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याचे ओठ एकमेकांवर टेकले, घट्ट, आणि गालात हवा भरली, 'पाणी'तला 'प' म्हणायच्या आधी भरते तशी. तिने ते बघितलं. तिच्याशिवाय त्या खोलीत ते कुणाला कळणार नव्हतं.

"वास्सर," ती म्हणाली, आणि ग्लास हातातच ठेवला.

त्याचे ओठ तसेच मिटलेले होते. ती थांबून राहिली.